जॉन रेरी : बिथरलेल्या घोड्यांचा शिक्षक

आज एका वेगळ्याच शिक्षकाची ओळख करून घेऊया.

जॉन सॉलोमन रेरी यांचा जन्म १८२७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात ग्रोव्हपोर्ट येथे झाला. लहानपणापासूनच त्यांना घोड्यांचा लळा. अडेल घोडा चाबकानेच सुधारतो, असं त्या काळी बरेच जण मानायचे. रेरींचं म्हणणं वेगळं होतं. घोडा लाथा झाडतो तो बहुतेक वेळा भीतीपोटी, हे त्यांनी ओळखलं.

ते घोड्याचा पुढचा एक पाय दुमडून पट्ट्याने बांधत, त्याला हळूहळू आडवा करत आणि मग अंगभर शांतपणे हात फिरवत. माणूस आपल्याला इजा करत नाही हे कळलं, की घोडा निवळायचा.

१८५८ साली त्यांनी इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर ही पद्धत दाखवली. तिथेच क्रूझर नावाचा शर्यतीचा घोडा होता. तो माणसांवर धावून जाई, म्हणून त्याच्या तोंडाला लोखंडी मुसकी घातलेली असे. रेरींनी काही तासांतच त्याला माणसाळवलं. पुढे तो त्यांच्यासोबत ओहायोला गेला.

१८६६ साली, अवघ्या ३८व्या वर्षी रेरींचं निधन झालं. क्रूझर त्यांच्यामागे काही वर्षं जगला.

पाय बांधण्याची पद्धत आज अनेकांना पटणार नाही. पण आधी भीती घालवा, मग शिकवा, हा धडा मात्र जुना झालेला नाही. वर्गातलं एखादं मूल हट्टाला पेटलं, तर रागावण्याआधी ते कशाला घाबरलंय, हे आपण पाहतो का?