लिंकन यांची उदासी

अब्राहम लिंकन म्हटले की गुलामगिरीविरुद्ध खंबीरपणे उभा राहिलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आठवतो. त्यांच्या निकटच्या माणसांना मात्र आठवे तो त्यांचा खिन्न चेहरा.

लिंकन नऊ वर्षांचे असताना आई गेली. १८३५ मध्ये न्यू सेलम गावातील त्यांची जवळची मैत्रीण अ‍ॅन रटलेज तापाने वारली. त्यानंतर ते एकटेच रानात भटकू लागले, मरणाचे बोलू लागले. शेजाऱ्यांनी त्यांच्यावर नजर ठेवली. १८४१ च्या जानेवारीत, मेरी टॉडशी ठरलेले लग्न मोडल्यावर, पुन्हा तेच झाले. ते अंथरुणाला खिळले, खंगले, विधिमंडळाचे कामही सुटू लागले. जोशुआ स्पीड या मित्राने त्यांची पाठ सोडली नाही. पुढे १८४२ मध्ये मेरीशीच त्यांचे लग्न झाले.

मृत व्यक्तीचे निदान खात्रीने करता येत नाही. तरी या आयुष्यात नैराश्याचे दोन प्रकार ओळखू येतात. पहिला तीव्र नैराश्याचा. किमान दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणे किंवा कशातच रस न उरणे. जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, अपराधी वाटणे, लक्ष न लागणे, मरणाचे विचार. दुसरा प्रकार दीर्घकालीन. त्यात उदासी सौम्य असते, पण दोन वर्षे किंवा अधिक काळ टिकते. असा माणूस कामावर जातो, विनोदही करतो. लिंकन गोष्टी सांगून सभा हसवत आणि थोड्याच वेळात शून्यात बघत बसत. म्हणूनच हा आजार 'स्वभाव' समजून दुर्लक्षिला जातो.

तिसरा प्रकार बायपोलर आजारातला. उदासीआधी वा नंतर कधी झोपेविना अफाट उत्साह, अवाजवी खर्च किंवा अखंड बडबड झाली असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा, औषधे बदलतात.

लिंकन यांना त्या काळी पाऱ्याच्या गोळ्या मिळाल्या. आज समुपदेशन आणि परिणामकारक औषधे आहेत. मात्र आमच्या ओपीडीत रुग्ण अजूनही अंगदुखी, अपचन, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येतात. मनाचे विचारावे लागते.

घरात कोणी मरणाची भाषा केली तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे. लिंकन यांना आधी सावरले ते शेजाऱ्यांनी आणि एका मित्राने.