आबे फारिया : मनाच्या सामर्थ्याचा शोध घेणारे गोमंतकीय धर्मगुरू

बांद्याहून पणजीकडे जाणारी गाडी पेडणे ओलांडून शापोरा नदीच्या पुलावर आली की पलीकडे कोलवाळ गाव लागते. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांची मुळे ह्याच बार्देश तालुक्यात आहेत. सणावारी, लग्नकार्याला आपण त्या वाटेने जातो. परंतु मानसशास्त्राच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या आबे फारियांचे पितृघराणे ह्या कोलवाळचे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जुझे कुस्तोदियो द फारिया ह्यांचा जन्म 1756 च्या मे महिन्यात कांदोळी येथे, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनो ह्यांनी विवाहापूर्वी धर्मगुरू होण्यासाठी शिक्षण घेतले होते. पतीपत्नीचे जमले नाही. दोघांनी धर्मसत्तेच्या संमतीने वेगळे होण्याचे ठरविले. वडिलांनी पुन्हा गुरुविद्यालयाची वाट धरली व ते धर्मगुरू झाले. आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या. मुलगा वडिलांकडे राहिला. आईवडील दोघेही देवाच्या सेवेत गेले खरे, पण त्या लहान मुलाचे घर मोडले, हेही आपण विसरू नये.

1771 साली पितापुत्र लिस्बनला पोहोचले. तेथून राजाच्या साहाय्याने ते रोमला गेले. जुझे कुस्तोदियो ह्यांनी प्रोपागांडा फिदे ह्या विद्यापीठात अध्ययन केले. 1780 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ईशज्ञानात त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. पवित्र आत्म्याच्या सणाच्या दिवशी सिस्टाईन चॅपेलमध्ये पोप सहावे पायस ह्यांच्यासमोर प्रवचन देण्याचा मानही ह्या तरुण गोवेकराला लाभला.

पुढे लिस्बनच्या राजवाड्यातील चॅपेलमध्ये प्रवचनासाठी उभे राहिले असता समोरची प्रतिष्ठित मंडळी पाहून त्यांना शब्दच फुटेना, अशी एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगितली जाते. तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीतून सुचविले की समोर बसलेली सारी भाजीच आहे, ती खुशाल काप. भीती तत्काळ पळाली. आख्यायिकेत तथ्य किती हा प्रश्न बाजूला ठेवू; तथापि एका वाक्याने मनुष्याच्या मनाची अवस्था पालटते, हाच त्यांच्या पुढील आयुष्याचा विषय ठरला.

1787 साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा उठाव उघडकीस आला. गोमंतकीय धर्मगुरूंना वरची पदे नाकारली जात, ही त्यामागची एक मोठी खंत होती. संशयाची सुई फारिया पितापुत्रांकडेही वळली. 1788 साली जुझे कुस्तोदियो पॅरिसला गेले. वर्षभरातच फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. 1795 साली क्रांतिकारी शासनाविरुद्ध उठलेल्या जमावातील एका तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले. 1811 नंतर काही काळ त्यांनी मार्सेय व नीम येथे तत्त्वज्ञान शिकविले.

त्याकाळी युरोपात मेस्मर ह्या वैद्याच्या मताचा बोलबाला होता. मनुष्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो व उपचार करणारा तो रोग्याच्या अंगात सोडतो, असे मेस्मर मानीत. 1784 साली फ्रेंच राजाने नेमलेल्या समितीने, जिच्यात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए होते, असा कोणताही प्रवाह नसून हा कल्पनेचा प्रभाव आहे असा निर्वाळा दिला. पण ही कल्पना कशी काम करते, ह्याचा शोध समितीने घेतला नाही. तो फारियांनी घेतला.

ऑगस्ट 1813 पासून पॅरिसमधील क्लिशी रस्त्यावर ते आपले जाहीर वर्ग घेऊ लागले. प्रवेशशुल्क पाच फ्रँक होते. त्यांची पद्धत अगदी साधी होती. ते व्यक्तीला आरामखुर्चीत बसवीत, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करावयास सांगत आणि मग ठाम स्वरात झोपी जाण्याची आज्ञा देत. ना चुंबक, ना अंगावरून हात फिरविणे. काही जण गाढ निद्रेत जात व त्या अवस्थेत सूचनेप्रमाणे पाण्यात दारूची चव अनुभवीत. झोप लागली नाही तर ते आज्ञा पुन्हा देत. तरीही काही घडले नाही तर ती व्यक्ती योग्य नाही, असे सांगून मोकळे होत.

आपल्यापाशी काहीही विशेष शक्ती नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते, असे ते आग्रहाने सांगत. लोक चमत्कार पाहावयास येत आणि हा धर्मगुरू चमत्काराचे श्रेय स्वतःहून नाकारी. आजही आपल्या भागात बाधा उतरविणाऱ्यांच्या दारी गर्दी होते. तेथे असे कोणी म्हणताना दिसत नाही! त्यांचे सर्वच म्हणणे मात्र टिकले नाही. काहींना लवकर झोप का लागते ह्याचे कारण त्यांनी पातळ रक्तात शोधले, ते चुकीचे ठरले.

त्यांना दोन्ही बाजूंनी विरोध झाला. काही धर्मनिष्ठांना ह्यात सैतानाचा हात दिसला, तर चुंबकवाद्यांना आपला प्रवाहच नाकारला गेल्याचा राग आला. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली. 1816 साली त्यांची टर उडविणारे नाटक रंगभूमीवर आले. वर्ग ओस पडले. उपजीविकेसाठी त्यांनी एका संस्थेत चॅपलेनचे काम पत्करले आणि आपल्या सिद्धान्तावरील ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचा पहिला खंड 1819 साली निघाला. त्याच वर्षी 20 सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. पुढील खंड आलेच नाहीत. मोंमार्त्र येथील त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते.

1843 साली ब्रेड ह्या वैद्याने ह्या निद्रेला संमोहन ह्या अर्थाचा शब्द रूढ केला. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील बर्नहाइम आदी वैद्यांनी सूचनेवरच आपली उपचारपद्धती उभारली व फारियांचे ऋण मान्य केले. दरम्यान द्युमाच्या कादंबरीतील कैदी धर्मगुरूमुळे फारिया हे नाव जगभर पोहोचले, पण तो इटालियन!

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी 1945 साली उभारलेला त्यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत ह्या शिल्पकाराने तो घडविला. झग्यातील धर्मगुरू हात पुढे करून उभा आहे आणि समोर एक स्त्री मागे कलते आहे. मांडवीच्या काठाने जाताना आपण तो पाहिलाच असेल.