काळा रंग उडतो, फाळ उरतो

सेकंड इयरला वर्कशॉपमध्ये मी एक चाकू बनवला होता. फोर्जिंग झालं, पाणी देऊन झालं, घासून झालं आणि शेवटी पुन्हा थोडा तापवून तेलात बुडवला. काय मस्त काळाभोर दिसत होता! रूमवर आणला, आठ दिवस त्यानं कांदे आणि लिंबं कापली. धार पांढरी पडली, पात्याचा काळेपणा उडाला आणि लिंबाच्या रसानं गंजाचे ठिपके आले. रूम पार्टनर म्हणे, बाप्पा, हे काय बनवलंस तू!

वर्कशॉपच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हा काळा थर म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, मॅग्नेटाइट. जाडी एखाद-दोन मायक्रॉन. गंज अडवायचं काम तो एकटा नीट करत नाही, त्यात मुरलेलं तेल करतं. तेल गेलं की संपलं. व्हॅक्यूममध्ये चढवलेले कडक काळे थर पात्याच्या अंगावर पुष्कळ टिकतात. पण धार लावताना दगड तिथला थर काढणारच. म्हणजे जिथं कापायचं काम होतं, तिथं उघडं पोलादच असतं. ते चांगलं नसेल तर वरच्या काळ्याचा काही उपयोग नाही.

दिवाळीत अकोल्याजवळ आमच्या गावी गेलो. आबांच्या गोठ्यामागे एक जुना लोखंडी नांगर पडलेला आहे. त्यावर रंगाचा ठिपकासुद्धा नाही. मी आबांना विचारलं, याला रंग नव्हता का? होता ना, पण काळ्या जमिनीत दोन-चार तासं घेतली की फाळाचा रंग साफ, आणि फाळ आरशासारखा चमकायचा. झिजला की नवा फाळ बसवायचा, नांगर तोच. आबांनी नांगराला नाव एकच सांगितलं, किर्लोस्कर. तो माणूस कोण, हे मी कॉन्व्हेंटमध्ये कधी वाचलंच नव्हतं. परत आल्यावर लायब्ररीत शोधलं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथं झाला. चित्रकलेची आवड, म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून वाईट बातमी कोणती? पण त्यांनी हातातली पेन्सिल टाकली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले, कारण त्यात रंग लागत नाही, रेघ लागते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच.

सायकल विकता विकता त्यांनी शेतकऱ्याला काय हवं ते पाहिलं आणि आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. आपल्याकडच्या कुट्टी मशीनचं पातं ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, नव्या पात्याचा काळा रंग ज्वारीचा कडबा पहिल्या काही दिवसांतच खरवडून काढतो. नंतर टिकतं ते फक्त पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी.

मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडानं जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आपण दोन दिवसांत प्रोजेक्ट बदलतो! आकर्षक रंग देऊन ही भीती जाणार नव्हती, कारण रंग तर मातीत पहिल्याच दिवशी जातो. ती गेली शेतातल्या पिकानं.

नंतर बेळगावात जागेचा प्रश्न आला आणि कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या बत्तीस एकरांवर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तिथं काम दिलं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर, विचार करा!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या अमरावतीजवळ गाडगेबाबाही गेले. एकानं नांगर हातात दिला, दुसऱ्यानं खराटा. १९६९ मध्ये लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघालं, आणि त्याच साली अकोल्यात आपलं कृषी विद्यापीठ सुरू झालं.

खरं सांगायचं तर मी मेकॅनिकलला आवडीनं आलो नाही. कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून आलो. पहिल्या वर्षी एक विषय राहिला, तेव्हा हे सोडून द्यावं असं मनात पक्कं ठरवलं होतं. घरी फक्त सांगायचं बाकी होतं. लक्ष्मणरावांचं वाचल्यावर वाटलं, त्यांनाही हवं ते मिळालं नव्हतंच. जे हाती आलं त्याला त्यांनी नीट पाणी दिलं.

मी चाकू टाकून दिला नाही. गंज घासला, दगडावर धार लावली, वापरून झाल्यावर पुसून तेल लावतो. काळा रंग आता जवळजवळ नाहीच, पण कांदा पहिल्यापेक्षा बारीक चिरतो. राहिलेला विषयही निघाला. घरी सांगायचं होतं ते सांगितलं नाही. कुणाला चाकू हवा असेल तर रूमवर या, फक्त पुसून परत करा!