कास्तेलानी: कबरीतल्या दागिन्यांकडून सोनारकाम पुन्हा शिकलेला रोमचा सराफ

गळ्यात साखळी असेल तर एक मिनिट काढून हातात घ्या. एक कडी दुसरीत, दुसरी तिसरीत. यात कसलं आलंय मोठं कौशल्य, असं वाटेल.

आता एक प्रश्न. कडी बंद होती, तर दुसरी तिच्यात गेली कशी? आणि उघडी होती, तर झाळून बंद करताना शेजारची कडी तिला चिकटली कशी नाही?

हा प्रश्न सोनारांनी साडेचार हजार वर्षांपूर्वीच सोडवला होता. एवढा सुरेख, की १९व्या शतकातल्या युरोपला, म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या युरोपला, ते जुने दागिने बघून आपण मागे पडलोय असं वाटलं. हे ज्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाणवलं, तो रोमचा एक सराफ होता. त्याचं नाव फोर्तुनातो पिओ कास्तेलानी.

फॅशनच्या मागे धावणारं दुकान

कास्तेलानीचा जन्म १७९४ चा, रोममधला. १८१४ मध्ये, विशीत असतानाच, त्याने स्वतःचं काम सुरू केलं. नेपोलियनचा पाडाव झाला होता, पोप रोमला परतले होते आणि परदेशी प्रवाशांची पावलं पुन्हा या शहराकडे वळू लागली होती. गिऱ्हाइकाला जे हवं ते बनवायचं, असा साधा हिशोब होता. म्हणजे काय, तर फ्रान्स, इंग्लंड आणि स्वित्झर्लंडमध्ये जे चालतं त्याची नक्कल.

धंदा बरा चालला होता. असाच चालत राहिला असता, तर आज त्याचं नाव कुणाला माहीतही नसतं.

पण दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे मिकेलांजेलो काएतानीशी झालेली मैत्री. काएतानी रोमच्या जुन्या सरदार घराण्यातला, दांते या कवीचा गाढा अभ्यासक. शिवाय याला स्वतः हाताने काम करायची, दागिन्यांची डिझाइन काढायची हौस होती. आपल्या पायाखाली एवढा मोठा वारसा पुरलेला असताना आपण पॅरिसची नक्कल का करायची, या विचाराकडे कास्तेलानीला वळवण्यात या मित्राचा मोठा वाटा होता.

दुसरी गोष्ट घडली १८३६ मध्ये.

चेरवेतेरीची कबर

रोमच्या वायव्येला चेरवेतेरी नावाचं गाव आहे. रोमन लोक बलाढ्य होण्याआधी या भागात एट्रस्कन लोकांची शहरं होती. १८३६ मध्ये इथे एक कबर उघडली गेली. ती शोधणाऱ्या दोघांच्या नावावरून तिला रेगोलिनी-गालासी कबर म्हणतात. इसवी सनाच्या आधीच्या सातव्या शतकातली ही कबर लुटारूंच्या हाती लागली नव्हती. आत सोनं होतं: उरपट्टा, कंगन आणि वस्त्र अडकवायची एक भलीमोठी पिन. त्या पिनेवर सिंह आणि छोटी छोटी बदकं बसवलेली.

पोपच्या सरकारने हा ठेवा तपासायला जाणकार माणूस बोलावला. तो होता कास्तेलानी.

तेव्हा तो चाळिशीत होता. वीसेक वर्षं सोन्यातच गेलेली. तरी समोरची वस्तू कशी बनवली असेल, हे त्याला सांगता येईना. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचेच बारीक रवे ओळीने बसवलेले. एट्रस्कन कामातले सगळ्यात बारीक रवे मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही लहान असतात. आणि झाळल्याची खूण कुठेच नाही. त्याच्या काळातल्या पद्धतीने असं काही करायला गेलं, तर डाग वितळून रव्यांच्या मधल्या फटी बुजून जायच्या आणि नक्षीचा लगदा व्हायचा.

इथून त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. लगेच नाही, जुन्या पद्धतीचे दागिने त्याच्या दुकानाची ओळख बनायला १८५० चं दशक उजाडलं. पण शोध सुरू झाला तो इथेच.

साखळीत दडलेली युक्ती

रव्यांइतकाच वेधक प्रकार होता प्राचीन साखळ्यांचा. एट्रस्कन, ग्रीक आणि रोमन कबरींमधून निघालेल्या या साखळ्या विणलेल्या दोरीसारख्या दिसतात. आपल्याकडे गळ्यातला गोफ असतो, तशा लवचीक. बघणाऱ्याला वाटतं, एकच लांब तार घेऊन लोकरीसारखी विणली असेल. प्रत्यक्षात ती शेकडो सुट्या कड्यांची असते.

ती बनते कशी, ते बघू.

नेहमीच्या साध्या साखळीत एक कडी उघडी ठेवतात, पुढची तिच्यात अडकवतात, तोंड जुळवतात आणि झाळतात. प्रत्येक कडीला हेच. धोका असा, की झाळताना डाग जरा जरी वाहिला, तर दोन कड्या एकमेकींना चिकटतात आणि साखळीचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो.

जुन्या सोनारांनी क्रमच उलटा केला. आधी सळईवर तार गुंडाळायची आणि कापून सारख्या मापाच्या कड्या पाडायच्या. मग प्रत्येक कडी सुटी असतानाच झाळून बंद करायची. आगीचं मुख्य काम इथेच आटोपलं. त्यानंतर गोल कडी दोन्ही बाजूंनी ओढून लांबट करायची, मधोमध चिमटायची आणि केसांच्या पिनेसारखी दुमडायची. आता तिच्या दोन टोकांना दोन डोळे तयार झाले. पुढची लांबट कडी या दोन्ही डोळ्यांतून ओवायची आणि दुमडायची. मग तिच्या डोळ्यांतून तिसरी. बंद कडी बंद कडीत जाते, ती अशी.

आता यात खेळता येतं. नवी कडी मागच्या एकाऐवजी दोन कड्यांतून ओवली, तर साखळी दाट होते. सुरुवातीला दोन किंवा तीन कड्या एकमेकींवर आडव्या ठेवून झाळल्या आणि चहूबाजूंनी ओवत गेलं, तर गोल दोरी तयार होते. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी ठेवून बारीक कड्यांनी जोडल्या, की सोन्याचा रुंद पट्टाच होतो. त्याच्या खालच्या काठाला छोटे छोटे सुरईच्या आकाराचे लोलक लटकवले, की ग्रीक आणि एट्रस्कन काळातला हार तयार.

ही पद्धत एट्रस्कन लोकांच्याही कितीतरी आधीची आहे. आजच्या इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्यातल्या कबरींमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास, अशा साखळ्या सापडतात.

वाचायला हे सोपं आहे. करताना प्रत्येक कडी हुबेहूब सारखी लागते. एक मोठी झाली, की साखळीला कुबड येतं. एकीची झाळ कच्ची राहिली, तर ती दुमडताना तुटते.

डोंगरातले कारागीर

कास्तेलानी घराण्याची सगळ्यात हुशार चाल इथून पुढे येते. फोर्तुनातोच्या हाताशी आता त्याची मुलं होती. थोरला आलेस्सांद्रो, जन्म १८२३. त्याच्याहून धाकटा आउगुस्तो, जन्म १८२९. शिकारीच्या अपघातात आलेस्सांद्रोने डावा हात गमावला होता. त्यामुळे कारागिरी आउगुस्तोकडे, आणि अभ्यास, व्याख्यानं, खरेदी-विक्री आलेस्सांद्रोकडे, अशी वाटणी होत गेली.

पुस्तकांत उत्तर मिळेना. जुन्या लेखकांनी दागिन्यांचं कौतुक केलं होतं, कृती लिहून ठेवली नव्हती. मग प्रश्न असा आला, की जुनं काम अजून कुठे शिल्लक असेल का?

ते सापडलं इटलीच्या मार्के प्रांतात, अपेनाइन डोंगरातल्या सांतांजेलो इन वादो नावाच्या छोट्या गावात. इथले कारागीर शेतकरी बायकांसाठी लग्नाचे दागिने घडवत. तारकाम आणि रवाकाम यांची त्यांची पद्धत प्राचीन कामाच्या बरीच जवळ जाणारी होती. पॅरिसची फॅशन या डोंगरात पोहोचलीच नव्हती, म्हणून हात तसेच राहिले होते. कास्तेलानींनी यातल्या काही कारागिरांना रोमला आणलं आणि त्यांच्या कामाच्या आधारे प्रयोग सुरू केले. झाळताना नेहमीच्या टाकणखाराऐवजी दुसरे क्षार वापरून पाहिले. डागाची अगदी बारीक पूड केली. सर्वांत नाजूक कामं बायकांच्या हाती सोपवली.

या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. दागिन्यांच्या मागे उमटलं ते दुकानाचं चिन्ह: एकमेकांत अडकलेले दोन सी, जणू साखळीच्याच दोन कड्या.

सोनं आणि राजकारण

हे सगळं शांततेत चाललं होतं असं समजू नका. इटली तेव्हा एक देश नव्हता आणि रोमवर पोपचं राज्य होतं. १८४९ मध्ये काही महिन्यांसाठी रोममध्ये प्रजासत्ताक आलं आणि चिरडलं गेलं. आलेस्सांद्रो त्या चळवळीत होता. त्याला तुरुंग भोगावा लागला आणि पुढे रोम सोडावं लागलं. १८६० मध्ये तो पॅरिसमध्ये होता. तिथे त्याने प्राचीन दागिन्यांवर विद्वानांसमोर निबंध वाचला. हद्दपारीमुळे झालं असं, की कास्तेलानी हे नाव रोमच्या बाहेर पसरलं.

म्हणूनच त्यांच्या दागिन्यांकडे फक्त हौस म्हणून बघता येत नाही. एट्रस्कन साखळी गळ्यात घालणं म्हणजे इटलीला स्वतःचा जुना आणि मोठा इतिहास आहे, हे न बोलता सांगणं होतं.

याच काळात आणखी एक दार उघडलं. जॉव्हान्नी पिएत्रो काम्पाना नावाचा मोठा संग्राहक रोमच्या गहाणवटीच्या सरकारी पेढीचा प्रमुख होता. पेढीचा पैसा वापरून संग्रह वाढवल्याच्या आरोपावरून १८५७ मध्ये त्याला अटक झाली. त्याच्या संग्रहातले प्राचीन दागिने दुरुस्त करायचं काम कास्तेलानींकडे आलं. फक्त बघणं वेगळं आणि तुटलेली कडी उकलून पुन्हा जोडणं वेगळं. या कामातून जे शिकायला मिळालं ते अमूल्य होतं. १८६१ मध्ये हा संग्रह फ्रान्सने विकत घेतला. त्यातले दागिने आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहेत.

१८६२ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात कास्तेलानींच्या कामाने धुमाकूळ घातला. एट्रस्कन धाटणीची युरोपभर लाट आली. नक्कल करणारेही उभे राहिले. त्यातले काही जण नक्कल अस्सल प्राचीन म्हणून खपवू लागले.

मग अस्सल आणि नक्कल ओळखायची कशी? एक खूण साखळीच्या तारेतच असते. प्राचीन सोनार सोन्याची अरुंद पट्टी पीळ देऊन, लाटून तार करत. त्यामुळे भिंगाखाली तारेवर मळसूत्रासारखी तिरकी रेघ दिसते. नंतरच्या काळात तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून काढली जाऊ लागली. अशा तारेवर सरळ उभे ओरखडे असतात.

जे जमलं नाही

फोर्तुनातो पिओ कास्तेलानी १ जानेवारी १८६५ रोजी वारला. दुकान तोवर मुलांच्या हाती गेलं होतं. साखळ्या जमल्या होत्या. तारकाम जमलं होतं. एट्रस्कन रव्यांचं कोडं मात्र पूर्ण सुटलं नव्हतं. त्याच्या कारखान्यातलं रवाकाम सुंदर आहे, पण जुन्या कामातले सगळ्यात बारीक रवे त्यांना तसेच्या तसे बसवता आले नाहीत, आणि हे घराण्याने मोकळेपणाने कबूलही केलं.

ते कोडं सुटायला १९३० चं दशक उजाडलं. इंग्लंडमध्ये लिटलडेल नावाच्या माणसाने दाखवलं, की वेगळ्या डागाची गरजच नाही. तांब्याचा क्षार आणि डिंकासारखा चिकट पदार्थ यांनी रवे चिकटवायचे आणि तापवायचं. डिंकाचा कोळसा होतो, क्षारातून तांबं सुटं होतं आणि जिथे रवा टेकलाय तेवढ्याच बिंदूवर सोन्याशी मिसळतं. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. हे मिश्रण ८९० अंशांच्या आसपासच वितळतं. त्यामुळे सांधा जुळतो आणि रवा शाबूत राहतो.

योगायोग बघा. कास्तेलानींचं दुकान त्याच सुमारास संपलं. फोर्तुनातोचा नातू आल्फ्रेदो १९३० मध्ये वारला आणि त्याच्याबरोबर घराण्याचा व्यवसायही थांबला. त्याआधी १९१९ मध्ये त्याने घराण्याचा दागिन्यांचा संग्रह इटलीच्या सरकारला दिला होता.

हा संग्रह आज रोमच्या व्हिला जुलिया या एट्रस्कन संग्रहालयात आहे. प्राचीन दागिने आणि कास्तेलानींनी घडवलेले दागिने तिथे एकाच संग्रहात बघायला मिळतात. कधी जाणं झालं, तर आधी साखळ्यांकडे बघा. दोन्हींमध्ये दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. ते भरून काढायला एका सराफाचं अख्खं आयुष्य लागलं, आणि आपलं जुनं काम न सोडलेलं डोंगरातलं एक छोटं गाव लागलं.