विश्लेषण : पांढराशुभ्र तांदूळ, लुळ्या कोंबड्या आणि जीवनसत्त्वाचा शोध… कोण होते ख्रिस्तियान आइकमन?

तांदूळ घेताना बहुतेकांची नजर आधी त्याच्या रंगावर जाते. जितका पांढरा आणि चकचकीत, तितका तो उंची, हा समज आजही घट्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र अशाच पांढऱ्या तांदळावर जगणारी आशियातील असंख्य माणसे बेरीबेरीने आजारी पडत होती. पाय बधिर आणि लुळे पडत, अंगावर सूज येई आणि अनेकदा हृदय बंद पडून मृत्यू येई. या रोगाचा संबंध तांदळाशी आहे, हे ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या ध्यानात आले, तेही कोंबड्यांमुळे.

आइकमन जावा बेटावर कसे पोहोचले?

आइकमन यांचा जन्म १८५८ मध्ये नेदरलँड्समधील नायकेर्क या गावी झाला. ॲमस्टरडॅममध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते लष्करी डॉक्टर झाले. १८८३ मध्ये त्यांची नेमणूक डच वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात झाली. तेथे मलेरियाने त्यांना गाठले आणि दोनच वर्षांत मायदेशी परतावे लागले. १८८६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. या पडत्या काळात ते बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकायला गेले.

त्याच सुमारास बेरीबेरीने हैराण झालेल्या डच सरकारने पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन तज्ज्ञांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पाठवायचे ठरवले. आइकमन त्यांचे सहायक म्हणून पुन्हा जावाला गेले. बेरीबेरी जंतूंमुळे होतो, असे मत बनवून दोघे तज्ज्ञ १८८७ मध्ये परतले. तो जंतू शोधण्याचे काम आइकमन यांच्यावर आले. १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयातील छोट्या प्रयोगशाळेचे ते संचालक झाले.

सगळे जंतूच्याच मागे का लागले होते?

कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला होता आणि पाठोपाठ इतर रोगांचे जंतूही सापडत होते. त्यामुळे रोग म्हटला की जंतू असणारच, असे तेव्हाच्या डॉक्टरांना वाटे. अन्नात काही नसल्यामुळेही माणूस मरू शकतो, ही कल्पनाच रुजलेली नव्हती.

कोंबड्यांचे नेमके काय झाले?

प्रयोगासाठी आइकमन यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. काही कोंबड्यांना रुग्णांचे रक्त टोचून रोग होतो का, हे पाहायचे होते. १८८९ मध्ये कोंबड्या खरोखरच लडखडू लागल्या. त्यांचे पाय लुळे पडले, काही मेल्या. पण काहीही न टोचलेल्या कोंबड्यांचीही तीच गत झाली. आणि काही महिन्यांनी, कोणताही उपचार न करता, सगळ्या बऱ्या झाल्या.

आइकमन यांनी हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून दिला नाही. चौकशीत कळले, की खर्च वाचवण्यासाठी कोंबड्यांना काही महिने रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नंतर आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्यांना पुन्हा साधा, कोंडा असलेला तांदूळ मिळू लागला. आइकमन यांनी मग मुद्दाम हाच प्रयोग करून पाहिला. पांढरा तांदूळ दिला की कोंबड्या आजारी पडत, कोंडा दिला की सुधारत.

माणसांबाबत पुरावा कुठून मिळाला?

कोंबड्यांचा रोग म्हणजे माणसाचा बेरीबेरी नव्हे, असा आक्षेप आलाच. तेव्हा जावाचे आरोग्य निरीक्षक अडॉल्फ फोर्डरमन यांनी जावा आणि मदुरा बेटांवरील सुमारे १०० तुरुंगांची पाहणी केली. कैद्यांना मिळणारा तांदूळ तुरुंगागणिक वेगळा होता. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांत ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी झाला होता, तर कोंडा राखलेला तांदूळ खाणाऱ्यांत १०,००० मागे एकाला. इमारत किती जुनी किंवा हवेशीर, याने फरक पडत नव्हता.

आइकमन कुठे चुकले?

संबंध बरोबर सापडला, पण कारण चुकले. तांदळाच्या पिष्टात विष असते आणि कोंडा त्यावर उतारा ठरतो, असे आइकमन मानत. १८९६ मध्ये आजारपणामुळे ते मायदेशी परतले. त्यांच्या जागी काम करणाऱ्या गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला. विष वगैरे काही नाही, मज्जातंतूंना लागणारा एक घटक कोंड्यासोबत निघून जातो. तो मुगातही असतो, हेही त्यांनी दाखवले. पुढे आइकमन यांनी हा विचार मान्य केला. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाट यांनी त्याच प्रयोगशाळेत हा घटक कोंड्यातून शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तोच थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१.

१९२९ मध्ये आइकमन यांना फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासह नोबेल मिळाले. कोंबड्यांच्या घटनेला तेव्हा ४० वर्षे झाली होती. आजारी असल्याने ते समारंभाला जाऊ शकले नाहीत. ग्राइन्स यांना मात्र या सन्मानात वाटा मिळाला नाही. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्त येथे आइकमन यांचे निधन झाले.

मग पांढरा तांदूळ खाऊच नये का?

तसे नाही. बेरीबेरी होत असे तो जवळजवळ फक्त पांढऱ्या भातावर जगणाऱ्यांना. भातासोबत डाळ, उसळ, भाजी, शेंगदाणे, मासे असतील तर थायमिन इतर पदार्थांतून मिळते. मात्र पांढरेपणा म्हणजे पौष्टिकता नव्हे. हातसडीच्या तांदळात कोंड्याचा काही भाग टिकतो. कोकण-गोव्यातील उकड्या तांदळाचे तर विशेषच. भात सालासकट भिजवून वाफवल्याने कोंड्यातील थायमिन दाण्यात मुरते आणि गिरणीत सडल्यावरही बरेचसे टिकते. मलायात उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर बेरीबेरीपासून बरेचसे बचावले, त्याचे कारण हेच.

थायमिन पाण्यात विरघळते. त्यामुळे तांदूळ चोळून चोळून धुणे आणि वरची पेज ओतून देणे यात ते वाया जाते. तांदूळ बेताने धुवावा, पेज टाकण्याऐवजी प्यावी. आजीच्या या सवयीमागचे शास्त्र आइकमन यांच्या कोंबड्यांपासून उलगडत गेले.