पाथरीचे सूर्यपंडित

गोदावरीकांठचें जुनें पार्थपूर म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यांतील पाथरी होय. तेथें ज्ञानराज नांवाचे थोर ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ १५०३ सालचा आहे. सूर्यपंडित अथवा सूर्यदास हे त्यांचे पुत्र. १५१८ सालीं अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशाहीपासून पाथरी घेतली, व पुढेंही तिजसाठीं लढाया झाल्या. अशा धामधुमींत या घराण्यानें विद्या सोडली नाहीं, हें आम्हांस त्यांच्या ग्रंथांइतकेंच मोलाचें वाटतें.

सूर्यपंडित कवीही होते. त्यांचें ‘रामकृष्णविलोमकाव्य’ सुलट वाचावें तर रामकथा, उलट वाचावें तर कृष्णकथा! भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यांनीं १५३८ सालीं ‘सूर्यप्रकाश’ व लीलावतीवर १५४१ सालीं ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या.

त्या लीलावतींत आठ द्वारांच्या राजवाड्याचें एक उदाहरण आहे. एक, दोन, तीन याप्रमाणें द्वारें उघडण्याचे प्रकार किती? एक द्वार उघडण्याचे ८, दोन उघडण्याचे २८; सर्व मिळून २५५. प्रत्येक द्वार उघडें वा मिटलेलें, म्हणून एकंदर प्रकार २५६. त्यांत सर्व मिटलेलीं हा एक वजा केला.

आतां कल्पना करूं कीं, सेवक प्रत्येक द्वारासाठीं नाणें उडवून तें उघडतो किंवा मिटतो. ‘निदान एक उघडें’ व ‘सर्व मिटलेलीं’ या पूरक घटना; त्यांपैकीं एक घडणारच. ‘नेमकें एक उघडें’ व ‘नेमकीं दोन उघडीं’ या एकदम घडूं शकत नाहींत; त्या परस्पर अपवर्जी. म्हणून २५६ पैकीं ८ व २८ मिळून ३६, अशी नुसती बेरीज चालते. परंतु ‘पहिलें उघडें’ व ‘दुसरें उघडें’ या दोन्ही एकदम घडूं शकतात. तेथें अर्धा व अर्धा मिळवून एक म्हटलें, तर दोहोंपैकीं एक द्वार खात्रीनें उघडें असेल असें होईल, आणि तें खोटें आहे. दोन्ही उघडीं असण्याचा पाव भाग दोनदां मोजला गेला. तो एकदां वजा करतां पाऊण उरतो. एकाची स्थिति कळून दुसऱ्याविषयीं कांहींच कळत नाहीं, म्हणून या स्वतंत्र घटना होत. स्वतंत्र व परस्पर अपवर्जी हे शब्द विद्यार्थी फार वेळां एकच समजतात. वस्तुतः परस्पर अपवर्जी घटनांत एक घडली कीं दुसरी घडली नाहीं हें तत्काळ कळतें.

सूर्यपंडितांस संभाव्यतेचें शास्त्र अवगत होतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्यापुढें प्रकारांची मोजणी होती, संभवाचें माप नव्हे. ज्या पत्रव्यवहारापासून तें शास्त्र सुरू झालें असें मानतात, तो पास्कल व फर्मा या फ्रेंच गणितज्ञांचा पत्रव्यवहार १६५४ सालचा, म्हणजे गणितामृतकूपिकेनंतर ११३ वर्षांनीं झालेला आहे.