गिजुभाई बधेका : मुलासाठी पुन्हा शिकायला बसलेले वडील



डी.एड.ला असताना 'मुछाळी मा' म्हणजे कोण, हा प्रश्न आपण पाठ केलेला असतो. मुछाळी मा म्हणजे मिशीवाली आई, म्हणजेच गिजुभाई बधेका. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. पण हा माणूस आधी शिक्षक नव्हताच, एका मुलाचा बाप होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 चा, सौराष्ट्रातला. कामधंद्यासाठी ते 1907 मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले, परत आल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वकिली सुरू केली. वकिली बरी चालली होती. 1913 साली मुलगा झाला, नरेंद्र. आता याला वाढवायचं कसं, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. स्वतःच्या लहानपणीची शाळा म्हणजे धाक आणि छडी. तीच शाळा मुलाच्या वाट्याला यावी, हे त्यांना नको होतं.

आपल्याकडे असं ठरवणारे पालक पुष्कळ भेटतात. मी मुलाला मारणार नाही, असं ठरवायचं आणि चार दिवसांनी हात उचलायचा. कारण मारायचं नाही तर मग करायचं काय, हे कुणी शिकवलेलंच नसतं! गिजुभाई मात्र शिकायला गेले. वसो गावच्या मोतीभाई अमीन यांनी त्यांना मारिया मॉन्टेसरींच्या पद्धतीची ओळख करून दिली. तिशीतला वकील माणूस लहान मुलांविषयीची पुस्तकं घेऊन बसला. वाचायचं, घरात मुलाकडे बघायचं, पुन्हा वाचायचं. मूल स्वतःच्या हाताने काही करू पाहत असेल तर मध्ये पडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण मूल शर्टाची बटणं लावत असताना पाच मिनिटं गप्प उभं राहून बघा, मग कळतं.

1916 साली वकिली सोडून ते भावनगरला नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. घरात लहान मूल असताना चालती वकिली सोडायची, याला काय लागत असेल! तिथे आधी मोठ्या मुलांना शिकवलं. तेव्हा लक्षात आलं की इथवर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. तिथे मार नाही, बक्षिसांचं आमिषही नाही. गोष्टी, गाणी, खेळ, नखं कापणं, केस विंचरणं, झाडलोट. शिक्षा बंद करा म्हटलं की आपण पटकन मान डोलावतो. बक्षीस बंद करा म्हटलं की मात्र आपण शिक्षकसुद्धा अडखळतो, हो ना?

मूल दिवसातून थोडाच वेळ शाळेत असतं, बाकी सगळं घर. त्यामुळे ते पालकांसाठीही लिहीत राहिले. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'आईबाप होणं अवघड आहे' असा आहे. 'दिवास्वप्न' या पुस्तकातला मास्तर पालकांना सभेला बोलावतो, तर येतात मोजकेच. पालकसभेच्या रिकाम्या खुर्च्या पाहिलेल्या शिक्षकांना हे वाचताना हसू येईल!

1923 मध्ये आपल्या ताराबाई मोडक राजकोटची नोकरी सोडून भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघत होती, पुढे ताराबाईंनी ती मराठीत आणली. गिजुभाईंचं बोलणं आपल्याकडच्या आईवडिलांपर्यंत असं पोचलं.

23 जून 1939 रोजी गिजुभाई गेले, वय अवघं 53. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉन्टेसरीबाई भारतात आल्या.

ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, सोबतीला अनुताई वाघ. पुढे ते कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणातच शाळा भरली म्हणजे घरची मोठी माणसंही ती आपोआप बघणार. पालकसभेचं वेगळं बोलावणं धाडायला नको!